बचत गटाची बैठक क्वेकर पद्धतीनं कशी घ्यायची

बचत गट असो, ग्रामसंघ असो, सोसायटी, तरुण मंडळ, वाचनालयाची कमिटी, पाणी वापर संस्था, काहीही असूदे, बैठक बसली की तेच चारपाच जण बोलतात आणि बाकीचे प्रोसिडिंगवर, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीवर, सही नाहीतर अंगठा करून घरी जातात. हे ज्यांना खटकतं त्यांच्यासाठी लिहितेय. मी सातारा जिल्ह्यात, जास्त करून कोरेगाव खटाव माण ह्या पट्ट्यात बायकांच्या गटांबरोबर काम करते आणि आमच्यातले बरेच गट आता बैठका क्वेकर लोकांच्या पद्धतीनं घेतात. क्वेकर म्हणजे इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. धर्म बदलायचा वगैरे काही विषय नाही, बैठक कशी चालवायची तेवढंच त्यांच्याकडनं घेतलंय. एखाद्या गटात समता आहे का बघायचं असेल तर तिथली भाषणं ऐकू नका, कोण कुठं बसलंय, कोण किती वेळ बोललं आणि प्रोसिडिंग कुणाच्या हातात आहे ते बघा, असं माझं ठाम मत आहे आणि ते ह्या कामातनंच झालंय.

आधी थोडं त्यांच्याबद्दल

पद्धत अशी का आहे ते कळलं नाही तर ती नुसती कवायत होते, म्हणून थोडं मागचं सांगते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई झाली, सगळा देश ढवळून निघाला, त्या धामधुमीत जॉर्ज फॉक्स नावाचा माणूस गावोगाव हिंडून बोलायला लागला. जन्म १६२४ चा, विणकराचा पोरगा, बूट शिवणाऱ्याकडं काम शिकलेला. त्याचं म्हणणं होतं की देवाचा अंश प्रत्येक माणसात आहे, मग मधी पुजारी कशाला आणि एकानं दुसऱ्यापुढं वाकायचं कशाला. १६५२ पासून त्याच्याभोवती लोक मोठ्या संख्येनं जमायला लागले. त्यांच्या प्रार्थनेत सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतनं बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो, मग तो जमीनदार असो नाहीतर घरकाम करणारी बाई. बाईमाणसानं धर्माच्या सभेत तोंड उघडायचं म्हणजे तेव्हा आक्रीतच, तरी मार्गारेट फेल हिनं १६६६ साली जेलमध्ये असताना बायकांच्या बोलण्याच्या हक्काच्या बाजूनं पुस्तिका लिहिली.

त्या काळी मोठ्या माणसापुढं टोपी काढायची पद्धत होती, क्वेकर काढायचे नाहीत. न्यायाधीशापुढंही नाही. १६७० साली लंडनच्या कोर्टात विल्यम पेनला ह्या टोपीपायी दंड झाला होता. आणि तेव्हा इंग्रजीत आपल्यासारखंच होतं, मोठ्याला अहो आणि हलक्याला अरे, तर हे लोक सगळ्यांनाच अरेतुरे करायचे, उमरावाला पण आणि गड्याला पण. ह्या असल्या गोष्टींसाठी आणि बेकायदा जमाव म्हणून हजारो क्वेकर जेलमध्ये गेले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जोतिबांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. सत्यशोधक लग्नात भटजी नसतो, नवरानवरी एकमेकांना वचन देतात, क्वेकर लग्नात पण पाद्री नसतो, दोघं उभं राहून वचन देतात आणि मग हजर असलेले सगळे, लहान पोरं सुद्धा, दाखल्यावर सह्या करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं १९२४ ला ती साताऱ्यात आली, त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवायची, एकत्र झोपायची, एकत्र झाडलोट करायची. रोजच्या वागण्यातनं समता आणायची ही रीत आपल्याकडं आहेच. क्वेकरांनी तीच रीत बैठकीला लावली आणि साडेतीनशे वर्षं ती घासूनपुसून वापरतायत, म्हणून त्यांच्याकडं तयार नियम मिळतात.

भारतात पण क्वेकर आहेत, मध्य प्रदेशात होशंगाबादकडं (आताचं नर्मदापुरम) जास्त. मार्जरी साइक्स ही क्वेकर बाई आपल्या वर्ध्याला सेवाग्रामात गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाच्या कामात होती. १९४७ चं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या दोन संस्थांना मिळालं, एक इंग्लंडची एक अमेरिकेची. आज सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत, आणि तिकडं बऱ्याच ठिकाणी पाद्री आणि गाणी वगैरे असतात, मी सांगणार आहे ती शांत बसणाऱ्यांची पद्धत.

जागा, वेळ, निरोप

बैठकीत काय होणार ते निम्मं इथंच ठरतं, म्हणून ह्याच्यावर वेळ घाला.

आपल्याकडं बैठक म्हटलं की देवळाचा सभामंडप. फरशी गार, लाईट आहे, सगळ्यांना माहीत. पण पायरीपाशी कोण थांबतं ते एकदा बघा. पाळी आलेली बाई बाहेर बसते, मुस्लिम बाई संकोचते, आणि बौद्ध घरातली बाई ज्या देवळाच्या पायरीवरनं तिच्या आजीला हाकललं होतं तिथं कशाला येईल? देऊळ सगळ्यांचंच आहे की, असं म्हणणाऱ्या त्याच असतात ज्यांना कधी कुणी अडवलं नाही. तर शाळेची खोली घ्या, अंगणवाडी घ्या, ग्रामपंचायतीचा हॉल घ्या. आणि दोनतीन महिन्यातनं एकदा तरी बौद्धवस्तीतल्या समाजमंदिरात बैठक ठेवाच, ह्याला पर्याय नाही. त्या दिवशी कोण येतं, कोणाचं अचानक डोकं दुखतं, कोण येतं पण चहा घेत नाही, हे सगळं गटाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, कुणाला शिकवायची गरज पडत नाही.

वेळ ठरवताना जिचा दिवस सगळ्यात कठीण असतो तिला पहिलं विचारा. दुपारी बाराला बैठक ठेवली की भांगलणीला, ऊस लावायला गेलेल्या सगळ्या आपोआप बाहेर. त्या सहाला येणार, चूल पेटवणार, भाकऱ्या होणार, मग कुठं साडेआठला मोकळ्या. मग साडेआठलाच घ्या की. गाडीवाल्या मॅडमची अडचण होईल तर होऊदे.

निरोप नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला म्हणजे दिला असं नाही. फोन नवऱ्याकडं नाहीतर पोराकडं असतो. घरी जाऊन सांगायचं आणि विषय पण सांगायचा, म्हणजे बाई विचार करून येते.

बसायचं कसं

गोल. एकच जाजम. खुर्ची फक्त ज्यांचे गुडघे धरलेत त्यांना. बँकेचे साहेब आले, गटांना मार्गदर्शन करणारी सीआरपी ताई आली, सरपंच आले तरी जाजमावरच, आणि गोलात जिथं जागा असेल तिथं. सुरुवातीला साहेब अवघडतात, कुणीतरी धावत जाऊन शाळेतली खुर्ची आणतं, तेव्हा चालकानं गोड शब्दात सांगायचं की साहेब आमच्यात सगळे खालीच बसतात.

इथं क्वेकरांचीच एक गोष्ट सांगायला पाहिजे, ती लपवून त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. १८३० च्या दशकात फिलाडेल्फियात सारा मॅप्स डग्लस नावाची कृष्णवर्णीय शिक्षिका होती, ती आणि तिची आई ग्रेस क्वेकर बैठकीला जायच्या. तोपर्यंत क्वेकरांनी गुलामी सोडून पन्नासएक वर्षं झाली होती, गुलामीविरुद्ध सगळ्यात पुढं तेच होते, आणि तरी त्या बैठकीच्या घरात काळ्या माणसांसाठी बाक वेगळा होता. ठरावात समता आणि बाक वेगळा. साराला ते आयुष्यभर लागलं आणि तिनं ते लिहूनही ठेवलं. म्हणून मी नवीन गटाला पहिल्याच महिन्यात सांगते की आपला बाक शोधा. बाक लाकडाचाच असतो असं नाही. कुणाच्या घरी बैठक असली की चहा स्टीलच्या पेल्यात, पण दोघींना कागदी कपात, कारण काय तर पेले कमी पडले. आणि दर वेळी त्या दोघीच. हा बाक आहे. हळू आवाजात का होईना पण त्याच दिवशी बोला, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

हाक कशी मारायची

क्वेकरांनी सगळ्यांना अरेतुरे करून पातळी खाली आणली, आपण उलटं करायचं, सगळ्यांना वर घ्यायचं. गावात पाटलाच्या सुनेला अहो वहिनी आणि तिच्याच वयाच्या मजूर बाईला ए रखमे, हे इतकं मुरलंय की बोलणारीच्या लक्षातही येत नाही. बैठकीत प्रत्येकीला नाव आणि ताई, आणि अहो. वयानं मोठी असेल तर मावशी, काकू, आक्का जे गावात चालतं ते, पण मग सगळ्याच मोठ्यांना तेच, जात बघून नाही. पहिल्या एकदोन बैठकीत तोंड अडखळतं. आणि ज्या बाईला आयुष्यात कुणी अहो म्हटलं नाही ती हसते, पदर तोंडावर घेते, पण त्यानंतर ती सरळ बसायला लागते, हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत बघितलंय.

गप्प बसायचं

सुरुवातीला पाच मिनिटं शांत. प्रार्थना नाही, स्वागतगीत नाही, नारळ नाही. फोन बंद करून पिशवीत. लेकरू रडलं तर रडूदे, कुणी च्यक च्यक करायचं नाही. ज्यांना देव आहे त्यांनी देवाचं नाव घ्यावं, ज्यांना नाही त्यांनी नुसतं बसावं. दिवसभराच्या धबडग्यातनं आलेली बाई ह्या पाच मिनिटात खऱ्या अर्थानं बैठकीत येते.

पण शांततेचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, दोन बोलण्यांच्या मधली. एकीचं बोलणं संपलं की लगेच दुसरीनं सुरू करायचं नाही, दोन श्वास जाऊ द्यायचे. ह्याचं कारण असं की ज्यांना बोलायची सवय आहे त्यांचं वाक्य तयार असतं, ज्यांना नाही त्यांना जुळवायला वेळ लागतो, आणि जुळेपर्यंत तयारवाली परत बोलायला लागते. मोकळी जागा सोडली की ती पहिल्यांदा बोलणारीला मिळते.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडं काही लोकांना पिढ्यानपिढ्या गप्पच बसवलंय. त्यामुळं शांत बसा म्हटलं की त्यांना ते नवीन नाही, ती शिक्षा त्यांना पाठच आहे. मौन म्हणजे संमती ही म्हण बैठकीत बिलकुल चालवायची नाही. गप्प आहे म्हणजे हो आहे असं धरून प्रोसिडिंग लिहिलं तर ही सगळी पद्धत जुन्याच जुलमाला नवीन कपडे घालते. चालकानं गप्प असलेल्या प्रत्येकीकडं बघून, नाव घेऊन, तुम्हाला काय वाटतं असं विचारायचं, आणि आत्ता नको म्हणाली तर ठीक आहे म्हणून शेवटी परत विचारायचं.

चालक आणि बोलायचे नियम

बैठक चालवणारी एक जण, तिला आम्ही चालक म्हणतो. तिनं त्या दिवशी स्वतःचं मत द्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड. तिला त्या विषयात स्वतःला काही मिळणार असेल, समजा तिच्याच कर्जाचा विषय आहे, तर त्या विषयापुरतं दुसरीनं चालवायचं. बाकी नियम थोडेच आहेत. बोलायचं ते चालककडं बघून, एकमेकींशी भांडण नाही. एका विषयावर एकदाच बोलायचं, सगळ्यांना संधी मिळाल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. आधी कुणी तेच बोललं असेल तर मला पण तसंच वाटतं एवढंच म्हणायचं, परत किर्तन नाही. तू चुकलीस असं न म्हणता मला असं दिसतं असं म्हणायचं.

ह्याचा उपयोग काय ते एका प्रसंगानं सांगते. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघानं शेवयाची मशीन घ्यायची ठरवली होती, कोटेशन आलेलं, बँकेचं जवळपास झालेलं, फक्त ठराव बाकी. नेहमीसारखी बैठक असती तर दहा मिनिटात टाळ्या वाजून संपली असती. अध्यक्षीण बाई बोलल्या, सचिव बोलल्या, दोघीचौघी चांगलंय चांगलंय म्हणाल्या. मग शांतता. बराच वेळ गेला, कुणीतरी खोकलं, बाहेर एसटी येऊन गेली. मग भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशी जाजमाकडं बघत म्हणाल्या, "मशीन चांगलीच हाय, पर ठेवणार कुणाच्या घरात?" चालक म्हणाली अजून ठरलं नाही, अध्यक्षांच्या सोप्यात ठेवू असं बोलणं झालंय. परत शांतता. मग त्या म्हणाल्या, "मग आमी कुठनं पीठ देयाचं, बाहेरनं?" कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं त्या सोप्यात त्यांच्या वस्तीतलं कुणी कधी गेलेलं नाही. अध्यक्षीण बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी वाद घातला नाही, त्यांची बोलायची पाळी झाली होती. त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढच्या बैठकीत ग्रामपंचायतीची जुनी खोली मागायची ठरलं, ती मिळाली, मशीन तिथं बसली, किल्ली दर आठवड्याला वेगळ्या गटाकडं. आज शेवया सगळ्याजणी करतात. तो एक प्रश्न मधल्या शांततेमुळं बाहेर आला, एरवी मावशी घरी जाऊन सुनेजवळ बोलल्या असत्या आणि विषय तिथंच मेला असता.

मतदान न करता ठराव कसा करायचा

क्वेकर हात वर करून मत घेत नाहीत. मत घेतलं की एक बाजू जिंकते, एक हरते, आणि ज्या वस्तीची घरंच कमी आहेत ती दर वेळी हरते. त्यापेक्षा सगळ्यांचं ऐकून झालं की चालक सांगते, मला असं दिसतंय की आपलं म्हणणं असं असं आहे, बरोबर आहे का? दुरुस्ती असेल तर सांगतात, ती परत म्हणते. मग तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, प्रोसिडिंग लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. हे फार महत्त्वाचं आहे हो. आपल्याकडं सचिव घरी नेऊन लिहितात, मधी दोन ओळी मोकळ्या सोडतात, सह्या आधीच घेतलेल्या असतात. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी तर हे मोठ्यानं वाचणं हाच तिचा ताबा आहे. वाचून झालं, सगळ्या ठीक म्हणाल्या, तरच सही. बोली भाषेत लिहिलं तरी चालतं, सदर बाबत सर्वानुमते मंजुरी प्रदान वगैरे लिहायची काही गरज नाही.

एखादीला पटत नसेल तर तीन वाटा आहेत. एक, ती म्हणते मला पटत नाही पण मी आडवी येत नाही, आणि हे तिच्या नावासकट लिहून घ्यायचं, कमीपणा मानायचा नाही. दोन, विषय पुढच्या बैठकीवर ठेवायचा, घाई नसेल तर हेच बरं. तीन, फक्त बोलायची बैठक घ्यायची, ठराव त्या दिवशी नाहीच असं आधीच जाहीर करून. क्वेकर असल्या बैठकीला मळणी म्हणतात. सगळं बाहेर येऊ द्यायचं, राग सुद्धा, कारण निर्णय होणार नाही म्हटल्यावर कुणी दबाव टाकत नाही.

सोसायटी किंवा ग्रामसभेत कायद्यानं बहुमत आणि कोरम लागतो, तिथं हे चालणार नाही. तिथं आधी ह्या पद्धतीनं बसा, आपलं म्हणणं पक्कं करा आणि मग रीतसर सभेत जा. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असतेच, ती कागदावर न घेता खरोखर घेतली तर तिथं ही पद्धत झकास बसते.

कशावर एकमत शोधायचं नाही

हा भाग वगळून बाकीचं वापरू नका, नुकसान होईल.

१६८८ साली अमेरिकेत जर्मनटाऊन इथं चार जणांनी एक अर्ज लिहिला की माणसं विकत घेणं आपल्याला शोभत नाही. तो अर्ज खालच्या बैठकीतनं वरच्या बैठकीत गेला, तिथनं आणखी वर, आणि विषय फार जड आहे म्हणून बाजूला ठेवला. कारण तेव्हा कितीतरी क्वेकरांकडं गुलाम होते, त्यात मोठी मोठी वजनदार माणसं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं म्हटलं की ज्याच्याकडं गुलाम आहेत त्याच्या हातात नकाराची किल्ली जाते. बेंजामिन ले नावाचा एक क्वेकर होता, चार फूट उंचीचा, पाठीला कुबड, गुलामांच्या कष्टातनं आलेली साखर सुद्धा तोंडाला लावायचा नाही. त्यानं १७३८ साली भर बैठकीत आतनं पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी ठेवली आणि तलवार खुपसली, तो लाल रस आजूबाजूच्या गुलाम बाळगणाऱ्यांच्या अंगावर उडाला. त्याला समाजातनं काढून टाकलं. गुलामांची खरेदी विक्री करणाऱ्यांवर कारवाई करायचं फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी ठरवलं १७५८ ला, आणि गुलाम ठेवणाऱ्याला सदस्यच राहता येणार नाही हे ठरलं १७७६ ला. अर्ज १६८८ चा. अठ्ठ्याऐंशी वर्षं. त्या वर्षांत ज्यांची आयुष्यं गेली त्यांना कुणी बैठकीला बोलावलं पण नव्हतं. त्यानंतर मात्र त्यांनी जोर लावला, १७८७ ला लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी कमिटी झाली तिच्या १२ जणांत ९ क्वेकर होते, आणि १८०७ ला तो व्यापार बंद करायचा कायदा झाला.

ह्यातनं आम्ही आमच्यापुरता नियम केलाय. मशीन कुठली घ्यायची, कर्ज किती द्यायचं, सहल कुठं न्यायची ह्यावर एकमत शोधायचं. पण अमक्या जातीच्या बाईनं पाणी भरावं का, विधवा बाईनं पुढं यावं का, अपंग पोरीला गटात घ्यावं का, हे बैठकीत विषय म्हणून घ्यायचंच नाही. ते ठरलेलं आहे. संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवलीय, १९५५ चा नागरी हक्क संरक्षणाचा आणि १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, त्याला आता कुणाच्या संमतीची वाट बघायची नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत होते तेव्हा भाऊ आणि बहिणीच्या पोरांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं निघाले तर रात्रभर त्या लेकरांना कुणी पाणी दिलं नाही, ते मसूर इथलंच, आपल्या कराड तालुक्यातलं. त्या प्रश्नावर आज कुणी बैठकीत म्हणालं की जरा सगळ्यांना सांभाळून घेऊया, तर चालकानं बैठक थांबवून नाही म्हणायचं.

गटानं स्वतःला विचारायचे प्रश्न

क्वेकरांकडं आज्ञांची यादी नसते, प्रश्नांची असते, आणि ते प्रश्न अधूनमधून बैठकीत वाचून शांत बसतात, उत्तर लगेच द्यायचं नसतं. आम्ही आमचे बनवलेत, तुम्ही तुमचे बनवा. आमच्यातले काही असे: मागच्या तीन कर्जात कुठल्या वस्तीला एकही गेलं नाही? आपल्या शेतात बाईला आणि गड्याला सारखी मजुरी मिळते का? ऊसतोडीला बीडकडनं आलेल्या टोळीतल्या बायकांशी आपण कधी बोललोय का, त्यांची पोरं कुठं असतात? आपल्या गावात तृतीयपंथी, देवीला सोडलेले जोगते आहेत, त्यांना जत्रेत बोलावतो, गटात का नाही? घरात सून बैठकीला आली तर स्वयंपाक कोण करतं?

जोगत्यांच्या प्रश्नावर आमच्या एका गटात फार काळ शांतता होती. क्वेकरांचं पण ह्यात सगळीकडं एक मत नाही, ब्रिटनच्या क्वेकरांनी २००९ ला समलिंगी जोडप्यांची लग्नं आपल्यात लावायचं ठरवलं, आफ्रिकेतल्या बऱ्याच जणांना ते मान्य नाही. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९६३ चा वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा ज्यानं उभा केला तो बेयार्ड रस्टिन काळा होता, क्वेकर होता आणि समलिंगी होता, आणि त्यापायी चळवळीतल्याच लोकांनी त्याला कितीदा मागं ठेवलं. आमच्या गटात अजून जोगता सदस्य नाही, पण प्रश्न प्रोसिडिंगमध्ये आहे आणि दर तिमाहीला वाचला जातो.

मजुरीच्या प्रश्नासाठी जॉन वुलमनचं उदाहरण मी नेहमी सांगते. अठराव्या शतकातला क्वेकर, गावोगाव फिरायचा, गुलाम असलेल्या घरी पाहुणा म्हणून उतरायला लागलं तर निघताना त्या गुलामांच्या कामाचे पैसे देऊन जायचा. मालकाला केवढी लाज वाटत असेल. भाषण न देता त्यानं कितीतरी लोकांना गुलाम सोडायला लावले.

पदं आणि शेवट

अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं फिरती ठेवा, तीन वर्षांच्या वर कुणालाच नको, आणि निवडताना हात वर करून नाही तर दोघीतिघींनी सगळ्यांना घरी जाऊन विचारून नावं आणायची. लिहिता येत नाही म्हणून कुणाचं नाव कापायचं नाही, लिहायला मदतनीस देता येतो.

बैठक संपताना क्वेकर शेजारच्याशी हात मिळवतात. आपल्याकडं बायकांची बैठक म्हटलं की शेवटी हळदीकुंकू, आणि तिथं विधवा बाया आपोआप मागं सरकतात, चपला घालायला लागतात. अख्खी बैठक नीट घेऊन शेवटच्या पाच मिनिटात सगळं घालवायचं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना पण तसं परिपत्रक काढलं. तर हळदीकुंकू बैठकीत नकोच, आणि करायचंच असेल तर सगळ्यांना, विधवा बाईच्या हातनं सुरुवात करून. आम्ही मिनिटभर शांत बसतो, डावी उजवीकडच्या बाईचे हात हातात घेतो आणि उठतो.

सुरुवात करणार असाल तर पहिल्याच बैठकीत गावातलं जुनं भांडण काढू नका. पहिला विषय सोपा घ्या, बचतीची तारीख कुठली ठेवायची असला. दोनतीन बैठका नुसत्या शांततेची आणि वाचून सही करायची सवय होऊदे. घरचे पुरुष म्हणतील गप्पच बसायचं तर घरी बसा की, त्यांना एकदा भिंतीकडं बसवून बैठक बघू द्या. आणि उठायच्या आधी पुढच्या बैठकीची तारीख, जागा आणि चालक कोण हे त्याच प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, चालक म्हणून आत्तापर्यंत जी सगळ्यात कमी बोललीय तिचं नाव, पण आधी तिला विचारून.